पास झालेली गल्ली

हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून एक गल्ली होती आणि त्या भिंतीत एक छोटं लोखंडी दार होतं. वर्षानुवर्षं त्या दारातून गल्लीतलं माणूस आत यायचं ते दोघांनी काखेत हात घालून आणलेलं. स्वतःच्या पायांनी, हसत-बोलत, "जरा बघा हो, सगळं ठीक आहे ना" असं विचारायला कोणी आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे भर दुपारी दिसायचा.

सिस्टरबाईंना याचा राग यायचा. त्यांना तसा बऱ्याच गोष्टींचा राग यायचा. चुरगळलेल्या चादरींचा, पेशंटच्या खाटेवर ऐसपैस बसणाऱ्या नातेवाइकांचा, "थोडंसंच दुखतंय" म्हणणाऱ्या पुरुषांचा. पण गल्लीचा राग त्या घरीही घेऊन जायच्या. शेवटी एका मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, माणूस आजारी पडेपर्यंत वाट बघत बसायला आपण काय दुकान मांडलंय का? आपणच जाऊ की त्यांच्याकडे." मोठे डॉक्टर शांत स्वभावाचे होते आणि सिस्टरबाईंचा आवाज त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांनी एक जुनी गाडी दिली, रक्त तपासणारी एक मुलगी दिली आणि आपली सुटका करून घेतली.

पहिल्या तपासणीला चारच माणसं आली. त्यातला एक विमा विकायला आला होता.

सिस्टरबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पत्र्याच्या निळ्या पाट्या करून घेतल्या. वर पांढऱ्या अक्षरांत 'निरोगी घर'. घरातल्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब लागोपाठ तीन तपासण्यांत चांगला आला, की दारावर पाटी. तीही गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून, टाळ्या वाजवून, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली.

पहिली पाटी लागली मास्टरांच्या दारावर. मास्टर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेले शिंपी, पुढे दुकान आणि पडद्यामागे घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा लांबच्या ट्रकवर, घरात ते आणि सून. गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि त्याला कारणही होतं. कोणाची कंबर किती वाढली, कोणाची छाती किती उतरली, हे सगळं त्यांच्या टेपला माहीत असायचं आणि त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडायचं नाही. अशा माणसाच्या दारावर पाटी लागल्यावर बाकीच्यांच्या पोटात दुखू लागलं. ही अशी पोटदुखी होती की तिच्यावर हॉस्पिटलकडे औषध नव्हतं. पुढच्या तपासणीला गाडीपुढे ही रांग लागली.

आणि मास्टर नुसते पाटी मिरवत बसले नाहीत. तपासणी आठवड्यावर आली की संध्याकाळी दुकान बंद करून ते दारोदार जायचे. "तारीख लक्षात आहे ना? सकाळी काही न खाता यायचं. सगळ्यांनी यायचं, म्हातारीलाही आणायचं." सिस्टरबाईंना तर हा माणूस म्हणजे आपला उजवा हात वाटायचा. बघता बघता किल्ल्या बनवणाऱ्याच्या दारावर पाटी लागली, निवृत्त पोस्टमनच्या लागली, ड्रायव्हिंग स्कूलवाल्याच्या लागली. बेकरीवाल्याच्या दारावर लागली तेव्हा तर रक्त तपासणाऱ्या मुलीने आकडा दोनदा बघितला. पण आकडा आकडाच असतो. अख्खी गल्ली पास झाली.

मोठे डॉक्टर खूश झाले. त्यांनी इतर हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांना ही गल्ली बघायला बोलावलं. गुरुवारी पाहुणे येणार, पाट्या बघणार, आणि मग हीच पाटी प्रत्येक गल्लीत लागणार. सिस्टरबाईंनी त्या दिवसासाठी नवी साडी काढून ठेवली.

पाहुणे यायच्या आधीची शेवटची तपासणी रविवारी सकाळी झाली. नेहमीसारखीच झक्क. सोमवारी दुपारी सिस्टरबाईंच्या लक्षात आलं की रक्तदाब मोजायचं मशीन मास्टरांच्या दुकानातच राहिलं. पाठवायला कोणी मोकळं नव्हतं, म्हणून त्या स्वतःच लोखंडी दारातून गल्लीत उतरल्या.

बेकरीपुढे ही गर्दी. सिस्टरबाईंना आधी वाटलं भांडण जुंपलंय. जवळ जाऊन बघतात तो काय, निवृत्त पोस्टमन उभ्या उभ्या क्रीमरोल खात होते. एक संपलेला, दुसरा हातात. किल्लीवाल्याची बायको केकचे तुकडे बांधून घेत होती. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याच्या मिशीला साखर लागली होती. सिस्टरबाईंना पाहून सगळ्यांचे जबडे थांबले. पोस्टमननी क्रीमरोल पाठीमागे नेला. सत्तरीच्या माणसाला हे शोभतं का, पण नेला.

"वाढदिवस आहे का कोणाचा?" सिस्टरबाईंनी विचारलं.

किल्लीवाल्याच्या बायकोने केकची पुडी पदराआड केली. बेकरीवाला मात्र भोळा आणि बडबडा. त्याचं आपलं मनात आलं की तोंडात आलं. "छे हो सिस्टर. तपासणी झाली ना काल. तपासणीच्या आधीचे पाच-सहा दिवस माझी भट्टी अर्धीच लागते. कोणी पावाकडेसुद्धा बघत नाही. सकाळ-संध्याकाळ सगळे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, रात्री नुसत्या काकड्या खाऊन झोपतात. दुसऱ्या दिवशी मात्र मला हात अपुरे पडतात. मुलांची परीक्षा संपल्यावर कसं होतं, तसं." एवढं बोलून झाल्यावर त्याला सगळ्यांचे चेहरे दिसले आणि तो एकदम ट्रे पुसू लागला.

सिस्टरबाई आधी हसल्या. खरंच हसल्या, कारण पोस्टमनच्या पाठीमागून क्रीम गळत होतं. मग हसू ओसरलं. म्हणजे ते सगळे आकडे उपाशी माणसांचे होते. वर्षातले चार-सहा आठवडे शहाण्यासारखं वागायचं, उरलेलं वर्ष मनाला येईल तसं, आणि दारावर निळी पाटी. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही कुठली रीत? आणि आपण इतकी वर्षं पेशंटच्या एका नजरेवरून ताप ओळखणाऱ्या, आपल्याला अख्ख्या गल्लीने बनवलं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"मास्टरसुद्धा?" त्यांनी विचारलं.

गर्दीतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. किल्लीवाल्याची बायको हळूच म्हणाली, "मास्टर तर आमच्या आधीपासून उपास करतात, सिस्टर. पण आता ते क्रीमरोलला पण येत नाहीत. चालायलाही येत नाहीत."

सिस्टरबाई तिथून निघाल्या त्या थेट मास्टरांच्या दुकानात.

मास्टर पायमशीनवर बसले होते. हॉस्पिटलचेच हिरवे गाऊन शिवायचं काम चालू होतं. मशीन चालत होतं, पण नेहमीसारखं एका लयीत नाही. थोडं धावायचं, थबकायचं, परत धावायचं. सिस्टरबाईंनी खाली बघितलं. मशीनच्या पायट्यावर एकटा डावा पाय होता. उजवा त्यांनी स्टुलाखाली मागे ओढून घेतला होता, आणि एवढ्या उकाड्यात त्याच्यावर लोकरीचा जाड मोजा होता. दुकानात अत्तर शिंपडलेलं होतं. अत्तराच्या खालून दुसरा एक वास येत होता. वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला तो वास कशाचा, हे सांगावं लागत नाही.

"तुमचं मशीन तिकडे टेबलावर आहे," मास्टर मान वर न करता म्हणाले. "पुसून ठेवलंय."

"मोजा काढा, मास्टर."

"काही नाही हो. टाचणी लागली होती. शिंप्याला टाचणी लागायचीच."

"कधी लागली?"

मास्टर परत शिवू लागले. पडद्याआडून सून बाहेर आली. तिच्या हातात धुतलेल्या चिंध्या होत्या. "लागली कधी तेच कळलं नाही, सिस्टर," ती म्हणाली. "मी मोजे धुवायला घेतले तेव्हा टाचणी तळव्यातच होती. बाबांना पत्ताच नाही. दुखलंच नाही म्हणतात. आता अंगठा काळा पडलाय, शेजारचं बोटपण."

"तू आत जा," मास्टर म्हणाले.

"मी आत गेले, म्हणूनच इथवर आलं," सून म्हणाली आणि जागची हलली नाही.

दुखणं हत्तीच्या पायाने येतं म्हणतात. हे मात्र टाचणीच्या टोकावरून, आवाज न करता आलं होतं. साखरेने पायाची जाणीव मारली की असंच होतं, पाय ओरडायचाच बंद होतो. सिस्टरबाई खाली वाकून बसल्या आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्टर, आत्ताच्या आत्ता चला. भिंतीपलीकडे तर जायचंय."

"शुक्रवारी येतो."

"शुक्रवारी?"

"गुरुवारी पाहुणे आहेत. पहिलं दार माझं आहे." मास्टरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "सिस्टर, तुम्हाला माहीत आहे मी लोकांच्या दारी जाऊन काय काय बोललोय ते. पोस्टमनला मी सगळ्यांदेखत म्हणालो, लाज वाटू द्या, निवृत्त झालात म्हणून काय जिभेला सुट्टी दिलीत का? त्या किल्लीवाल्याला तर हाताला धरून गाडीपर्यंत आणला. आता मीच नापास झालो तर माझं कोण ऐकेल? झाकली मूठ आहे, तीन दिवस झाकलेली राहू दे. शुक्रवारी पहाटे मी स्वतः येतो. काय कापायचं ते कापा."

"पायाला गुरुवार-शुक्रवार कळत नाही हो. तीन दिवसांत हे वर चढेल. आज बोटांवर भागेल, शुक्रवारी गुडघा जाईल. ऐकताय ना? गुडघा."

मास्टरांचा चेहरा जरा उतरला, पण ते उठले नाहीत. त्यांनी हातातली शिवण सरळ केली आणि म्हणाले, "ती पाटी तुम्ही सगळ्यांसमोर लावली होती, सिस्टर. टाळ्या वाजल्या होत्या. उतरवणार पण सगळ्यांसमोरच ना?"

ज्यांच्या आवाजाला अख्खा वॉर्ड वचकून होता, त्या बाई काही न बोलता दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता. माणसाला पायापेक्षा पत्रा मोठा वाटावा, हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं कोणी? त्यांनीच. हॉस्पिटलने जाऊन शाळा मांडली, मग माणसं कॉपी करणार नाहीत तर काय करतील?

पण हळहळत उभं राहणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. मास्टरांची एक पाटी उतरली तर मास्टर नापास. सगळ्याच उतरल्या तर? त्या तरातरा किल्लीवाल्याच्या दुकानात गेल्या. "स्क्रू काढायचं द्या हो जरा."

"कशाला, सिस्टर?"

"तुमची पाटी काढायला."

सुरुवात त्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून केली. पहिलं दार किल्लीवाल्याचंच. तो बिचारा स्क्रूड्रायव्हर देऊन फसला आणि स्वतःच्या दाराची पाटी उतरताना तोंड उघडं टाकून बघत राहिला. दुसरं दार ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचं. तोवर क्रीमरोलची गर्दी मागे मागे येऊ लागली. पोस्टमन पुढे झाले. "सिस्टर, बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझी पाटी खरी आहे. मी साखरेला शिवतसुद्धा नाही."

"खोटं बोलतात," खिडकीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "काढा तुम्ही, सिस्टर."

पोस्टमनची पाटी निघाली. मागे कुजबुज वाढली. एक बाई म्हणाली, आमची गुरुवारनंतर काढा, पाहुण्यांसाठी मी पडदेसुद्धा धुतलेत. कोणी म्हणालं, एवढा अपमान बरा नाही. तेव्हा सिस्टरबाई एका घराच्या ओट्यावर चढल्या आणि हातातला स्क्रूड्रायव्हर हलवत बोलल्या. आवाज परत आला होता.

"ऐका सगळ्यांनी. तुम्ही मला फसवलंत, त्याचा हिशोब मी नंतर करीन. पण परीक्षा मी मांडली होती. नंबर मी काढले. चूक माझी. आता नीट ऐका, कारण हे मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. हॉस्पिटल ही शाळा नाही. आमच्याकडे नापास व्हायलाच यायचं असतं. सगळंच ठीक असलेल्या माणसाचं आमच्याकडे काय काम? तुम्ही खोटे आकडे दाखवलेत तर औषध कोणाला देऊ, त्या आकड्याला? आजपासून या गल्लीत कोणी पास नाही आणि कोणी नापास नाही."

"हे बरं झालं," ड्रायव्हिंग स्कूलवाला मध्येच म्हणाला. "माझ्याकडे तर दोनदा नापास झाल्याशिवाय कोणाला गाडीच नीट येत नाही." दोघे-तिघे हसले. बेकरीवाला आतून एक रिकामा ट्रे घेऊन आला आणि उतरलेल्या पाट्या त्यात रचू लागला. स्वतःची पाटी तर त्याने स्वतःच उपटायला घेतली, स्क्रू न काढता, आणि दाराचा टवका काढला.

एक एक दार करत सिस्टरबाई गल्लीच्या तोंडाशी आल्या. आता एकच पाटी उरली होती. मास्टर उंबऱ्यात उभे होते. एका हाताने चौकट धरली होती, उजवा पाय जमिनीला टेकवला नव्हता. ते किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. त्यांच्या मागे सून होती आणि समोर ओळीने सगळी उघडी दारं, प्रत्येकावर चार चार भोकं.

सिस्टरबाईंनी स्क्रूड्रायव्हर वर नेला आणि हात थांबला. या एका दाराशी त्यांना धीर होईना.

"द्या इकडे," मास्टर म्हणाले. "तुम्हाला जमत नाही. केव्हाचा बघतोय मी, सगळ्या स्क्रूंच्या खाचा खराब केल्यात."

त्यांनी पाटी स्वतः उतरवली. शिंप्याचा हात, एक ओरखडा उठला नाही. पाटी बेकरीवाल्याच्या ट्रेमध्ये ठेवली, उंबऱ्यावर बसले आणि सगळ्या गल्लीदेखत मोजा काढला.

बेकरीवाल्याने तोंड फिरवलं. पोस्टमननी इतका वेळ धरून ठेवलेला क्रीमरोल शेवटी टाकून दिला. सिस्टरबाईंनी पाय हातात घेतला, बोटं बघितली, वरपर्यंत दाबून बघितलं, घोट्याशी नाडी शोधली. नाडी लागत होती. त्यांच्या जिवात जीव आला.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या.

"कुठली गाडी, सिस्टर?" बेकरीवाल्याने विचारलं.

"पावाची."

अशा रीतीने मास्टर पावाच्या हातगाडीवर बसून, सिस्टरबाईंचं मशीन मांडीवर घेऊन, मागच्या लोखंडी दारातून हॉस्पिटलात दाखल झाले. पुढे सिस्टरबाई, मागे सून, आणि गाडी ढकलायला बेकरीवाला. सर्जन नको म्हणणारच होते, त्या दिवसाची त्यांची ऑपरेशनं भरलेली होती. पण सिस्टरबाईंनी त्यांच्यापुढे फक्त एवढंच म्हटलं, "सर, मी कधी तुमच्याकडे घाई केलीय का?" सर्जननी विचार केला. केली होती, पुष्कळदा केली होती, पण उगीच अशी एकदाही नाही. संध्याकाळी ऑपरेशन झालं. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाऊल वाचलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं.

"गल्लीतल्या पाट्या उतरवल्यात म्हणे."

"हो सर."

"गुरुवारी पाहुणे येताहेत, सिस्टर. मी त्यांना दाखवू काय? भोकं?"

"भोकं दाखवा," सिस्टरबाई म्हणाल्या. "आणि सांगा की आमच्या हॉस्पिटलने एक चूक केली आणि ती वेळेत पकडली. पाट्या बघून गेले असते तर हीच चूक आपापल्या गावी जाऊन केली असती त्यांनी." मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग विचारलं, "पाय कसा आहे?" सिस्टरबाईंना तो माणूस पहिल्यांदाच मनापासून आवडला.

पण वॉर्डात काही वेगळंच चाललं होतं. मंगळवारी भेटायच्या वेळी मास्टर केस विंचरून, उशीला टेकून बसले. गल्लीतलं कोणी आलं नाही. बुधवारीही नाही. दुसऱ्या खाटांभोवती माणसं मावेनात, आणि मास्टरांच्या खाटेशी एकटं स्टूल. सूनसुद्धा सकाळी डबा देऊन घाईघाईने निघून जाई. बुधवारी संध्याकाळी मास्टर भिंतीकडे तोंड करून झोपले.

"मी म्हणालो होतो ना, सिस्टर," ते भिंतीलाच म्हणाले. "तुम्ही पाय वाचवलात, उपकार झाले. पण माझं गल्लीतलं काम संपलं."

सिस्टरबाईंनी चादर नीट केली. ती नीटच होती. त्या रात्री घरी त्या ताटावरून तशाच उठल्या. पाय वाचवायच्या नादात आपण गल्लीच हरवून बसलो की काय? उद्यापासून परत ते लोखंडी दार आणि दोघांनी काखेत धरून आणलेली माणसं? सकाळी त्यांनी नवी साडी बाजूला सारली आणि रोजची नेसली.

गुरुवारी दुपारी त्या मास्टरांचं ड्रेसिंग करत होत्या. तेवढ्यात वॉर्डातली आयाबाई धापा टाकत आली.

"सिस्टर, खाली तुम्हाला बोलावलंय. ओपीडीत बसायला जागा नाही. माणसं जिन्यावर बसलीत. रक्त तपासणारी ती मुलगी रडकुंडीला आली आहे."

"अपघात झाला का कुठे?"

"नाही हो. सगळे मागच्या दारातून आलेत. नाव विचारलं तर म्हणतात, मास्टरांच्या गल्लीतले."

सिस्टरबाई गॅलरीत धावल्या. कठड्यावरून खाली वाकून त्यांनी एकदा बघितलं आणि तशाच परत आल्या. चाकाची खुर्ची ओढली. "बसा," मास्टरांना म्हणाल्या.

"कुठे जायचंय?"

"बसा म्हणते ना."

कठड्याशी खुर्ची लावल्यावर मास्टरांना खालचं सगळं दिसलं. बाकांवर गल्ली बसली होती. किल्लीवाला, त्याची बायको, पडदे धुणारी बाई, ड्रायव्हिंग स्कूलवाला आणि त्याचे दोन शिकाऊ. पोस्टमनना त्यांच्या बायकोने दंडाला धरून आणलं होतं. आज तारीख दिलेली नव्हती. कोणी उपास केलेला नव्हता. सगळे जेवून, आपापल्या खऱ्या साखरेसकट आले होते. आणि बाकांच्या मधून, मास्टरांचीच टेप गळ्यात तशीच विसरलेली, त्यांची सून फिरत होती. "तुमचा नंबर यांच्या मागे. म्हातारीला पुढे जाऊ द्या. पाय दाखवायचाय, मोजे काढून बसा."

"तीन दिवस दारोदार फिरत होती," सिस्टरबाईंना आत्ता उमगलं. "डबा ठेवून पळत होती ती यासाठी. मला पण बोलली नाही."

"काय सांगितलं असेल तिने?" मास्टरांनी विचारलं.

उत्तर खालून बेकरीवाल्याने दिलं. त्याला वर खुर्ची दिसली होती. "मास्टर, तुमचा पाय बघितल्यापासून झोप नाही मला," तो तिथूनच म्हणाला. "तुम्हाला भेटायला यायचं होतं, पण रिकाम्या हाताने कसं येणार? आणि हातात द्यायला माझ्याकडे केकशिवाय काय आहे? तुमची सून म्हणाली, बाबांना काही नको, स्वतःचे पाय घेऊन या."

मोठे डॉक्टर त्याच वेळी पाहुण्यांना घेऊन ओपीडीच्या दारात आले होते. आत शिरायला वाट नव्हती. ते नुसते बाजूला झाले, म्हणजे पाहुण्यांना नीट दिसावं.

मास्टरांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. ते खाली बाकांवरचे पाय निरखू लागले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. दोन्ही हातांनी कठडा धरून ते पुढे वाकले, आणि दुकानात गिऱ्हाइकाला सरळ उभं राहायला सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "बेकरीवाले, एकच मोजा का काढलाय? पोस्टमन, तुम्ही पण. चांगला पाय तर मीही पुढे केला होता. दोन्ही काढा."

खाली बाकांवरची सगळी माणसं वाकली आणि दुसरा मोजा काढू लागली.